पाठ बघणारे हिरादादा

अरविंद रविवारी सकाळी गेले. चहा झाला होता. बूट घालायला ते खुर्चीवर बसले आणि उठले नाहीत. खाली हिरादादांच्या गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला, आणि मग हिरादादा वर आले.

त्यानंतर घरी माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण फोटोला हात जोडे, माझ्याकडे बघे, चहाला नको म्हणे आणि आलेला चहा पिऊन जाई. हिरादादा भेटायला आले ते थेट फोटोपाशी गेले. हात जोडले नाहीत. हार काढून खुर्चीवर ठेवला, फोटो खिळ्यावरून उतरवला, उलटा केला आणि मागच्या पुठ्ठ्याला नाक लावून वास घेतला. पुण्याहून आलेली माझी नणंद उठून उभी राहिली. हिरादादांनी तळहात भिंतीवर दाबून धरला, बोटं एकमेकांवर चोळली आणि मला म्हणाले, "बाय, या भिंतीला ओल हाय. सर इथं टिकाचा नाय."

मग त्यांनी स्वतःच खिळा शोधला, समोरच्या भिंतीवर ठोकला, फोटो लावला, हार घातला, आणि तेव्हा कुठे हात जोडले. चहा घेतला नाही.

ते गेल्यावर नणंदेनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, हे हिरादादा, हे पाठ बघतात. एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, आणि तेव्हा जास्त बोलायची माझी ताकद नव्हती. पुढे पावसाळ्यात त्या पहिल्या भिंतीचा रंग पोपडे धरून खाली आला. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे, हे इतकी वर्षं या घरात राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. नणंदेला जे सांगायचं राहिलं ते आता सावकाश लिहिते आहे.

हिराजी म्हात्रे शिरवण्याचे. नेरूळमधल्या आमच्या सोसायटीतून निघून मोठा रस्ता ओलांडला की त्यांचं गाव लागतं. गाव म्हणजे आता एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती. त्यांच्या घराण्याची खाडीकाठी भातशेती होती आणि थोडं मिठागर होतं. नवं शहर वसताना ते गेलं, आणि त्याच्या बदल्यात जे आलं त्यातून हिरादादांनी उंच घर बांधलं. मजल्यागणिक एक मुलगा आणि मजल्यागणिक एक टीव्ही. हिरादादा स्वतः सगळ्यांत वर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत. उंची बेताची, दंड जाड, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, आणि खिशात पेनाच्या जागी दोन बॅटऱ्या. एक साधी, दुसरी जांभळ्या उजेडाची, दुकानदार नोटा तपासायला ठेवतात तशी. कोणी जुनी तैलचित्रं विकत घेण्याआधी हा माणूस ती तपासून देतो असं सांगितलं की लोक माझ्याकडे निरखून बघतात. अलीकडे मीही तसलंच काही करू लागले आहे, म्हणून मी वाद घालत नाही.

ही विद्या त्यांना उधाणानं दिली. उरणजवळ द्रोणागिरीकडे त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीवर एक गोदाम उभं राहिलं आणि ते हिरादादांच्या वाट्याला आलं. आजूबाजूला बंदराचे कंटेनर, आणि मधे या गोदामात जयंतीभाई नावाचे व्यापारी. मुंबईतली जुनी घरं मोडीत निघतात तेव्हा जयंतीभाई तिथलं सामान उचलतात: आरसे, पलंग, झुंबरं, आणि ज्यांची नावं आता कोणालाच आठवत नाहीत अशा माणसांची तैलचित्रं. एका वर्षी उधाणाचं पाणी गोदामात शिरलं. जयंतीभाई कपाळाला हात लावून बसले. चित्रं दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ मुंबईहून आले. त्यांनी प्रत्येक चित्राच्या तोंडावर पातळ कागद चिकटवला आणि ती चटयांवर पालथी घातली. हाताखाली माणूस हवा होता, म्हणून गोदामाचा मालकच हाताखाली उभा राहिला. कित्येक आठवडे हिरादादांनी फक्त चित्रांच्या पाठी पाहिल्या. शेवटी कागद निघाले तेव्हा त्यांची निराशा झाली. मला ते म्हणाले होते, "तोंडात काय नाय बाय. तोंड जो तो चांगलंच दाखवतो."

तेव्हापासून त्या गोदामात कोणी चित्र घ्यायला आलं की हिरादादांना बोलावणं जायचं. विकणारा चित्र समोर धरून त्यातल्या नदीबद्दल, डोंगराबद्दल, चित्रकाराच्या मोठेपणाबद्दल बोलायला लागे. हिरादादा दुसरीकडे बघत म्हणत, "आदी पाठ."

मग चित्र टेबलावर, मऊ चादरीवर, पालथं. पहिल्यांदा वास. बुरशीचा वास वेगळा, ताज्या वार्निशचा वेगळा आणि चहाचा वेगळा. नवं कापड जुनं दिसावं म्हणून काही लोक त्याला चहाच्या पाण्यात बुडवतात. अशा एका चित्राचा वास घेऊन हिरादादा विकणाऱ्याला म्हणाले होते, "साखर कमी टाकलीस." नंतर खिळे. जुना खिळा गंजतो तेव्हा भोवतीच्या कापडाला डाग देतो. खिळा गंजका आणि कापड स्वच्छ असेल तर खिळा दुसरीकडून आणलेला. मग चौकटीखाली काळा रुमाल पसरून लाकडावर टिचक्या. रुमालावर पिठासारखी भुकटी पडली तर आत कीड अजून जिवंत आहे. मग पाण्याची रेघ. इथे ते कोणाला मधे बोलू देत नसत. मिठागरात वाढलेल्या माणसाला पाणी कुठपर्यंत चढलं आणि कसं उतरलं हे वाळलेल्या रेघेवरून कळतं. कापडाला न टेकवता ते रेघेवरून बोट फिरवत आणि सांगत, हे पाणी छपरातून आलंय, किंवा हे खालून चढलंय, कोणीतरी चित्र जमिनीवर टेकवून विसरलं होतं.

त्यानंतर चित्र सुलटं होई, पण तेव्हाही त्यात काय काढलंय ते हिरादादा बघत नसत. साधी बॅटरी कडेला आडवी धरत. आडव्या उजेडात रंगाचे सुटलेले पापुद्रे सावली टाकतात आणि सबंध चित्र उन्हाळ्यात भेगाळलेल्या खाचरासारखं दिसतं. सगळ्यात शेवटी जांभळी बॅटरी. तिला काळोख लागतो, म्हणून गोदामात एक घोंगडी ठेवलेली असे. चित्रासकट ते घोंगडीखाली शिरत. जुनं वार्निश त्या उजेडात हिरवट चमकतं, आणि नंतर कोणी रंग भरला असेल तिथे काळे डाग उमटतात. गिऱ्हाईक श्वास रोखून घोंगडीकडे बघत राही. थोड्या वेळानं घोंगडीतून आवाज येई, "नाक नवीन हाय."

आणि मग निकाल. बहुतेक वेळा एकच. "रोगी हाय. चल."

पाठ बघण्याची ही सवय चित्रांपुरती राहिली नाही. फ्रीज घ्यायला गेले की ते दुकानदाराला तो भिंतीपासून ओढायला लावत. हॉटेलात पुढून शिरायच्या आधी मागच्या गल्लीत जाऊन भटारखान्याचा दरवाजा बघून येत, आणि त्यामुळे अरविंद आणि ते बऱ्याचदा उपाशी घरी परतत. धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे खायचे सोडून घराच्या मागच्या अंगाला गेले. तिथे मुलीची आजी भांडी घासत होती. तिच्याशी गप्पा मारून परत आले आणि लग्न ठरवून टाकलं. मुलीकडे त्यांनी बघितलंही नव्हतं, अशी त्यांच्या मुलाची तक्रार आहे. ती सून त्यांच्या घरातली सगळ्यात चांगली सून आहे, हेही तोच सांगतो.

अरविंद त्या गोदामात गेले होते ते माझ्यासाठी पुस्तकांचं कपाट बघायला. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, ते भौतिकशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि त्याहीपेक्षा गप्प बसण्याचा. सकाळचा पेपर दुपारपर्यंत त्याच पानावर असे. कपाट बघायला म्हणून मी त्यांना जवळजवळ ढकलून पाठवलं. कपाट आलं नाही. अरविंद मात्र संध्याकाळी आले आणि बूट काढायच्या आधीच बोलू लागले. एका माणसानं त्यांना आडव्या उजेडाचा प्रयोग दाखवला होता. इतकी वर्षं मी प्रकाश शिकवला, ते म्हणाले, आणि प्रकाश आडवा धरायचा असतो हे मला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी खाली हॉर्न वाजला. त्यानंतर तो वाजतच राहिला.

अरविंदना एक जुनं चित्र घरात हवं होतं. एकच, पण मनासारखं. रविवारी सकाळी दोघं निघत, उरणच्या रस्त्यानं कंटेनरांच्या ट्रकमागून रांगत द्रोणागिरीला पोचत, आणि जयंतीभाईंकडे नवीन काय आलं ते बघत. अरविंदना तोंड आवडे, हिरादादा पाठ बघत, आणि चित्र तिथेच राही. वर्षं गेली. चित्र नाहीच. मी विचारलं की अरविंद सांगत, यात कीड होती, त्याला मागून दुसरं कापड चिकटवलेलं होतं, त्याच्या आभाळात निम्मं आभाळ नवीन होतं. त्यांनी स्वतःही एक काळा रुमाल घेतला होता. धुवायला टाकताना मी तो झटकून बघत असे, आणि मग आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन कोणी बघितलं नाही ना ते बघत असे.

एकदा मी त्या दोघांबरोबर गोदामात गेले. टेबलावर घोंगडी होती आणि तिच्याखाली दोन माणसं होती. वादावादी ऐकू येत होती. तो हनुवटीचा डाग नवीन रंगाचा की माशीचा, असा प्रश्न होता. जयंतीभाई माझ्यासाठी खुर्ची पुसत म्हणाले, "भाभी, हे दोघं माझ्याकडून काय घेणार नाय. पण हे आले नाय तर मला रविवार वाटत नाय."

त्या शेवटच्या हिवाळ्यात तिथे एक लहान चित्र आलं. नऊवारी नेसलेली एक बाई खुर्चीत बसून संत्रं सोलते आहे. साली मांडीवर पडल्या आहेत. कोणीतरी हाक मारली म्हणून तिनं मान वर केली आहे, आणि आपल्याला मधेच थांबवलं हे तिला मुळीच आवडलेलं नाही. कोणी काढलं, कोणाचं काढलं, काही कळत नाही. अरविंद घरी येऊन म्हणाले, तू पुस्तकात असताना मी हाक मारली की तू अशीच बघतेस.

मग घेतलं का नाही, मी विचारलं.

"हिरादादा म्हणाले, चौकटीत कीड आहे."

"होती?"

"मी रुमाल धरून टिचक्या मारल्या. काही पडलं नाही. वासही नाही. खिळे जिथले तिथे." एवढं सांगून ते हसले. "पण हिरादादा नाही म्हणाले." आणि त्यांनी चहा मागितला.

मला त्या हसण्याचा राग आला होता. इतका शिकलेला माणूस, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सोडून दुसऱ्याचं ऐकतो. हिरादादांचाही राग आला. पुढे अरविंदनी त्या चित्राचा विषय पुन्हा काढला तेव्हा हिरादादांनी ते परत तपासलं आणि परत नाकारलं. आणि मग तो रविवार आला, ज्या दिवशी हॉर्न वाजला आणि कोणी खाली गेलं नाही.

पावसाळा संपल्यावर जयंतीभाईंचा फोन आला. एका हॉटेलवाल्याला जुनी चित्रं घाऊक हवी होती आणि तो सगळाच माल उचलणार होता. संत्र्याची बाई त्यात जाणार होती. सरांना ती आवडायची म्हणून आधी तुम्हाला विचारतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मला ती हवी आहे. फोन ठेवल्यावर मला काळजी वाटली. चित्र खरंच किडलेलं असेल तर ते या घरात माझ्या डोळ्यांदेखत झडत जाईल, आणि असं काही पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. हिरादादांना बोलावल्याशिवाय इलाज नव्हता. अरविंद गेले त्या दिवसापासून ते द्रोणागिरीला गेले नव्हते, असं त्यांच्या सुनेकडून कळलं. टाकीशेजारच्या खोलीत बसून असत. बॅटऱ्या खिशात, पण सेल संपलेले.

ते आले. आम्ही द्रोणागिरीला गेलो. गोदामात जयंतीभाईंनी चित्र टेबलावर आणून ठेवलं, आणि ते चहा सांगायला बाहेर गेले.

मी म्हटलं, "आधी पाठ."

हिरादादांनी चित्र पालथं केलं, पण वाकले नाहीत. काळा रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच बग."

मी ग्रंथपाल होते. वाळवी, कसर, ओल आणि गोंद यांच्याशी मी नोकरीभर झगडले होते, त्यामुळे पुस्तकाच्या पाठीवरून त्याची तब्येत मला कळते. चित्राची पाठ त्याहून फार निराळी नसते. वास घेतला. जुन्या कपाटाचा वास होता, आणखी काही नाही. खिळ्यांभोवती डाग होते. रुमाल पसरला, चौकटीवर चारही बाजूंनी टिचक्या मारल्या. रुमाल काळाच्या काळा राहिला. पाण्याची रेघ कुठे नव्हती. चित्र सुलटं करून बॅटरी आडवी धरली. रंग जागच्या जागी होता. मी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि जांभळी बॅटरी लावली. तिचे सेल त्यांनी नवीन घालून आणले होते. बाईचा चेहरा, हात, मांडीवरच्या साली, सगळं सारख्या हिरवट उजेडात दिसलं. कुठेही काळा डाग नव्हता.

मी घोंगडीखाली होते तेव्हाच हिरादादा बाहेरून बोलू लागले. माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून त्यांना बोलता आलं असावं.

"तवा पन चांगलंच होतं, बाय. कीड नव्हती. मी खोटं बोललो."

मी बॅटरी विझवली आणि तशीच अंधारात थांबले. मग का, असं विचारलं.

"सरला एकच पायजे होतं. ते भेटलं असतं तर सर पुन्हा कशाला आला असता? घरी मना समदे जमिनीचं विचारतात. सर चित्राचं विचारायचा. वाटलं, आता नको, पुढच्या रविवारी हो सांगू. मग वाटलं, त्याच्या पुढच्या. सर चित्राशिवाय गेला, बाय. माज्यामुलं."

मी घोंगडी काढली. मला राग यायला हवा होता, आणि मी तो शोधलाही. पण मला आठवलं ते अरविंदांचं हसणं. चहा मागायच्या आधीचं.

"हिरादादा, त्यांना माहीत होतं."

"काय?"

"कीड नाही हे. त्यांनी स्वतः रुमाल धरून बघितलं होतं. घरी येऊन मला सांगितलं, खिळे जिथले तिथे आहेत, वास नाही, भुकटी नाही. आणि हसले. मी म्हटलं, मग घेतलं का नाही? तर म्हणाले, हिरादादा नाही म्हणाले."

हिरादादांनी पाठ फिरवली आणि गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी दुनियेच्या पाठी बघितल्या. त्यांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पांढऱ्या शर्टात ती रुंद पाठ हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. काही विचारायची गरज नव्हती. मी घोंगडीची घडी घालत बसले आणि घडी नीट झाली तरी पुन्हा उलगडून घातली.

जयंतीभाई चहा घेऊन आले तेव्हा हिरादादा वळले. डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि म्हणाले, "सर एक नंबरचा खोटारडा होता."

"तुम्हीही," मी म्हटलं.

"मी पन," ते म्हणाले, आणि चहाचा कप घेतला. अरविंद गेल्यापासून त्यांना चहा घेताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

परत येताना मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं चित्र होतं आणि मी हिशेब उलटा मांडत होते. दोन म्हातारे एकमेकांशी खोटं बोलले. एकानं चांगल्या चित्राला रोगी म्हटलं, दुसऱ्यानं ते मान्य केलं. त्या खोटेपणाच्या जोरावर एक माणूस पेपराच्या त्याच पानावर बसून न राहता रविवारी सकाळी बूट घालायला बसत होता. शेवटच्या सकाळीही तो कुठेतरी निघालेला होता. अरविंदना चित्र मिळालं नाही. त्यांना जे मिळालं ते मला देता आलं नव्हतं, आणि ज्यांनी दिलं त्यांचे आभार कसे मानतात हे मला माहीत नाही. गाडीतून उतरताना मी एवढंच म्हटलं, चौकटीवर लक्ष ठेवावं लागेल, कीड कधीही लागू शकते. हिरादादांनी मान डोलावली. म्हणाले, "खाडीची हवा हाय. बगावं तर लागंल."

संत्र्याची बाई आता अरविंदांच्या फोटोशेजारी आहे, ओल नसलेल्या भिंतीवर. हिरादादा रविवारी सकाळी येतात. हॉर्न वाजवत नाहीत, वर येऊन बेल वाजवतात. आम्ही चित्र उतरवतो, पालथं घालतो, वास घेतो आणि अरविंदांचा काळा रुमाल पसरून टिचक्या मारतो. भुकटी पडत नाही. मग चित्र परत भिंतीवर लागतं, चहा होतो आणि पुढचा रविवार ठरतो.